मीटर म्हणतो लीन, प्लग म्हणतात रिच: कुणाचं ऐकायचं?

तुझा प्रश्न आधी नीट मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. (लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, रिच म्हणजे जास्त.) एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन, बाहेर बनवून घेतलेला हेडर (सिलिंडरमधून जळका गॅस बाहेर नेणारे पाइप), मोठ्या पाइपचा सायलेन्सर, कोन फिल्टर, मॅप सेन्सरवर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालणारा स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा वेगळा बसवलेला कॉम्प्युटर. ट्यूनिंग २०२२ साली झालेलं. आता आयडलला वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा मीटर) १६.८ दाखवतो, म्हणजे एका भाग पेट्रोलला १६.८ भाग हवा; आकडा मोठा तितकं लीन. ईसीयूला जोडलेल्या लॅपटॉपवर त्याच वेळी १७.१ दिसतं, फुल थ्रॉटलला १२.६ यायचं तिथे १३.१ येतं आणि ॲक्सिलरेटर सोडला की आकडा थेट २२.४ वर. गाडीमागे उभं राहिलं तर पेट्रोलचा वास, आणि प्लग काळे. 'सेन्सर गेलाय का, नवा मागवू का?'

थांब, पैसे घालवू नकोस. चार आकडे एकत्र बघितल्यामुळे तुला सेन्सर वेडा झालाय असं वाटतंय. प्रत्येक आकड्याचं कारण वेगळं आहे, आणि त्यातला एक तर बिघाडच नाही.

तो आधी निकालात काढू. ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो, मग सायलेन्सरमधून नुसती हवा जाते. २२.४ म्हणजे बहुतेक तुझ्या कंट्रोलरच्या (सेन्सरचं रीडिंग व्होल्टमध्ये ईसीयूला पाठवणारा डबा) पट्टीचं वरचं टोक. बऱ्याच कंट्रोलरमध्ये शून्य व्होल्टला ७.३५ आणि पाच व्होल्टला २२.३९ अशी पट्टी येते. मीटर तिथे एवढंच सांगतोय की याच्या पुढचं मला मोजता येत नाही. गाडी उताराला आहे, पाय वर आहे, आकडा २२.४ आहे: सगळं ठीक.

आता आयडलचे १६.८. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून हिशोब मांडतो. तो ऑक्सिजन सिलिंडरमधून आला की हेडरच्या फटीतून, हे त्याला कळायचा मार्ग नाही. एक्झॉस्टचा झोत सलग नसतो, तो धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फट असेल तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलला झोत कमी, म्हणून ही भेसळ जास्त जाणवते. फुल थ्रॉटलला आत दाब एवढा असतो की फटीतून गॅस बाहेरच जातो, आणि आकडा खरा येतो. आयडलला अशक्य वाटेल इतकं लीन आणि लोडवर समजण्यासारखा आकडा, ही जोडी दिसली की मी आधी हेडरखाली डोकं घालतो.

कोणी म्हणेल इनटेकला व्हॅक्यूम लीक असेल. एअरफ्लो मीटरच्या गाडीत ते पटलं असतं. तुझा ईसीयू मॅप सेन्सरवर आहे. जास्तीची हवा शिरली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयूला तो दिसतो आणि तो पेट्रोलही वाढवतो. अशा गाडीत लीकमुळे आयडल चढतं, आकडा १७ ला जाऊन बसत नाही. शिवाय खरंच १७ वर चालणारं इंजिन काळे प्लग देत नाही.

माझ्याच गाडीचं सांगतो, कारण तीन रविवार मी याच्यापायी वाया घालवलेत. कोल्हापुरात एकाकडून हेडर बनवून घेतला होता, काम दिसायला झकास. चार महिन्यांनी आयडलला १६ च्या वर. इंजेक्टर साफ केले, फ्युएल प्रेशर बघितलं, पंप बदलला, शेवटी मित्राचा सेन्सर लावून बघितला. त्यानेही १६ दाखवलं. तिसऱ्या रविवारी सकाळी गाडी थंड असताना स्टार्ट केली आणि बॉनेटखालून 'टिक टिक' आवाज आला. दोन मिनिटांत गायब, कारण धातू तापून फुगला की चीर मिटते. टॉर्च मारून बघितलं तर तिसऱ्या पाइपच्या मुळाशी, वेल्डिंगच्या कडेला, नखाएवढी काजळीची रेघ. केसाएवढी चीर होती. मधल्या काळात ऑटोट्यूनने (मीटरचं ऐकून ईसीयू स्वतःच पेट्रोलचा तक्ता बदलतो ती सोय) तक्त्यातल्या आयडलच्या खान्यांत १८ टक्के पेट्रोल वाढवून ठेवलं होतं, आणि डिपस्टिकला पंपावर उभं असल्यासारखा वास येत होता.

म्हणून पहिलं काम: ऑटोट्यून आणि लॅम्डा करेक्शन (मीटर बघून चालता चालता पेट्रोल कमीजास्त करणं) दोन्ही बंद. ते चालू ठेवून तू रोज ऑफिसला जातोयस, म्हणजे खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराच्या हातात तिजोरीची किल्ली. मग गाडी पूर्ण तापल्यावर आयडलच्या खान्यांतलं पेट्रोल पाच टक्क्यांनी कमी कर, थोडं थांब, पुन्हा पाच टक्के. आरपीएम सुधारलं, मॅपचा आकडा खाली आला, थरथर कमी झाली, तर इंजिन रिच होतं आणि मीटर फसवत होता. गाडी गुदमरायला लागली तर मीटर खरा, मला शिव्या घाल.

फट शोधायला मशीन लागत नाही. थंड इंजिन, सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची उलटी बाजू चिंधी गुंडाळून लाव आणि हेडच्या फ्लँजपासून (हेडर इंजिनाला बोल्टने बसतो तो जोड) सेन्सरपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मार. बुडबुडे सांगतील. सेन्सरचा बंगसुद्धा (पाइपला वेल्ड केलेली, सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) सोडू नकोस, तिथलं वेल्डिंग हमखास घाईत केलेलं असतं. फ्लँजला लाल सिलिकॉन मात्र थापू नकोस. त्याच्या वाफेने चांगला सेन्सर मरतो.

पीयूसीवाल्याकडे चार गॅसचं मशीन असेल तर आयडलला एक रीडिंग घे. रिच इंजिनात कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि ऑक्सिजन जवळपास शून्य असतो. दोन्ही जास्त आले तर बाहेरची हवा तरी शिरतेय, नाहीतर एखादं सिलिंडर मिसिंग करतंय. मिसिंगमध्येही असंच फसायला होतं: न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि मीटर ओरडतो 'लीन'. चारही प्लग एका ओळीत मांडून बघ. एकच काळा-ओला असेल तर हेडर सोड आणि त्या सिलिंडरची प्लग वायर धर.

१६.८ आणि १७.१ चा फरक अर्थिंगचा. वरच्या पट्टीत एक व्होल्ट म्हणजे साधारण ३ अंक, म्हणजे ०.३ चा फरक फक्त ०.१ व्होल्टचा. सेन्सरचा हीटर चांगला करंट ओढतो. कंट्रोलरचं अर्थ बॉडीच्या गंजक्या बोल्टवर आणि ईसीयूचं इंजिनवर असेल तर एवढा फरक सहज पडतो. गाडी चालू, हेडलाइट चालू, मल्टिमीटरचं एक टोक कंट्रोलरच्या अर्थला, दुसरं ईसीयूच्या. काही मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर सिग्नलचं अर्थ ईसीयूच्याच अर्थवर नेऊन जोड.

राहिलं फुल थ्रॉटल. १२.६ चं १३.१ म्हणजे चार टक्के लीन, आणि हा आकडा मला खरा वाटतो. २०२२ मध्ये पंपावर १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल होतं, आता २० टक्क्यांचं आहे. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला जेमतेम ९. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण त्या पेट्रोलला जळायला कमी हवा लागते, म्हणून ऑक्सिजन उरतो. १० वरून २० वर गेल्यावर फरक साधारण चार टक्क्यांचाच येतो. फुल थ्रॉटलला करेक्शन बहुतेक बंदच असतं, त्यामुळे तो झाकलाही जात नाही. मीटर सरळ लॅम्डावर (मिळालेली हवा भागिले त्या इंधनाला लागणारी हवा) टाक. तेव्हाचं ०.८६ आता ०.८९ दिसेल, आणि इंधन कोणतंही असलं तरी लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाला ०.८९ ने लगेच काही होत नाही, पण जास्त लोडच्या खान्यांत चार टक्के वाढवून ठेव.

हे मात्र फट बुजवल्यावर कर, आधी नाही. आयडलचे खाने २०२२ च्या फाइलमधून परत आण आणि तिथेही तेच चार टक्के घाल. हेडर काढलाच आहेस तर सेन्सर कसा बसलाय तेही बघ: टोक खाली, आडव्यापासून निदान १० अंश कलता. पावसाळ्यात थंड पाइपात पाणी साचतं, तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की खेळ खलास.

आणि आज रात्रीच डिपस्टिक काढून हुंग. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी हायवेला घालू नकोस. प्लगचे फोटो टाक, चारही, सिलिंडरच्या क्रमाने.