बंद पडलेला गीझर कबाडीला देऊ नका

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो. घर नवं, गीझर नवा आणि पाणी थंड. यंदा बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडची पत्रं जास्त आहेत. त्यातली काही घेतो. फ्लॅट क्रमांक आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत.

ताबा घेऊन दोन वर्षं आठ महिने झाले. बिल्डरने फ्लॅटसोबत दिलेला २५ लिटरचा गीझर खालून गळतो. कंपनीचा मेकॅनिक म्हणाला, "टाकी गेली, तुमचं पाणी खारं आहे, वॉरंटीत बसत नाही." बिल्डर म्हणतो कंपनीला विचारा. वॉरंटी कार्डावर टाकीला पाच वर्षं लिहिली आहेत. आम्ही कोणाच्या दारात जायचं? – एक वाचक, बेसा

आधी टाकी खरंच गेली आहे का ते बघा. "टाकी गेली" हे वाक्य मेकॅनिकला फार सोपं पडतं, नवा गीझर विकता येतो ना! पाणी नेमकं कुठून येतंय? खालच्या झाकणाच्या कडेने, जिथून वायर आत जाते तिथून येत असेल तर बहुतेक वेळा आतलं रबरी गॅस्केट गेलेलं असतं. ते काम थोडक्या पैशांत होतं. गीझर तापत असतानाच सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील तर ती गळती नव्हे. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत तापलं की साडेतीनशे-चारशे मिलीने फुगतं. त्याला मागे जायला वाट नसली की ते व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. मात्र बाहेरच्या पत्र्याच्या तळातून तांबूस, गंजाचं पाणी येत असेल तर टाकीला भोक पडलंय हे नक्की.

भोक का पडतं तेही सांगतो, कारण भांडण त्याच्यावरच आहे. बहुतेक गीझरची टाकी लोखंडी पत्र्याची असते आणि आतून तिला काचेसारखा लेप दिलेला असतो. लेप कुठे ना कुठे सूक्ष्म तडकतोच. म्हणून आत मॅग्नेशियमचा एक रॉड बसवतात. टाकीच्या ऐवजी तो झिजतो. स्वतः मरून टाकी वाचवणं एवढंच त्याचं काम. पाण्यात क्षार जितके जास्त तितका तो लवकर संपतो, आणि तो संपला की गंज टाकीकडे वळतो. पेंच-कन्हानचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी मिळणाऱ्या घरात हा रॉड बरीच वर्षं टिकलेला मी पाहिलाय. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या इमारतींत तो दीड-दोन वर्षांत खडूच्या कांडीसारखा होतो.

आता दार कोणाचं ठोठवायचं? दोघांचंही, एकाच दिवशी, लेखी.

कंपनीकडून मेकॅनिकचा जॉबशीट घ्या आणि त्यावर नकाराचं कारण लिहून मागा. "पाणी खारं" एवढंच नको. पाणी कुठे तपासलं, आकडा किती आला, कार्डावरच्या कोणत्या अटीत ते बसतं, हेही हवं. पुष्कळ कार्डांवर कठीणपणाची किंवा क्षारांची मर्यादा आकड्यात दिलेली असते. तुमचं पाणी त्या मर्यादेच्या आत असेल तर नकार टिकत नाही. म्हणून स्वतः एखाद्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. लक्षात ठेवा, हातातल्या पेनासारख्या मीटरवर दिसतो तो टीडीएस, म्हणजे विरघळलेले सगळे क्षार; कठीणपणा, म्हणजे त्यातला चुन्यासारखा थर बसवणारा भाग, नव्हे. दोन्ही आकडे वेगळे असतात आणि मेकॅनिक बिनदिक्कत एकाच्या जागी दुसरा सांगतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तुमचा आकडा या दोहोंत कुठे बसतो ते कळलं की बोलायला जोर येतो.

बिल्डरला वेगळं पत्र. रेरा म्हणजे बिल्डरकडून घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा पुरवलेल्या सेवांमधला दोष कळवला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. नाही केलं तर भरपाई मागता येते. तुमच्या विक्री कराराच्या शेवटी सोयीसुविधांचं परिशिष्ट असेल, ते काढा. त्यात गीझर लिहिलेला असेल तर तो "भेट म्हणून दिला होता" असं म्हणायची सोय बिल्डरला उरत नाही. तो बहुधा करारातलंच दुसरं कलम दाखवेल. कंपनीची वॉरंटी असलेल्या वस्तू किंवा नेहमीची झीज यांना आम्ही जबाबदार नाही, असं बऱ्याच करारांत असतं. पण बोअरचं पाणी हा त्याने केलेल्या पुरवठ्याचाच भाग आहे. त्या पाण्यात न टिकणारा गीझर त्यानेच निवडला, हे पत्रात स्पष्ट लिहा.

पैसे मागू नका, टाकी बदलून मागा. माझ्या अनुभवात टाकी बदलून द्यायला बिल्डर आणि कंपनी दोघंही लवकर तयार होतात. पैसे म्हटलं की फाईल मुंबईला जाते.

आणि एक. बिल तुमच्या नावावर नसणार, बिल्डरने पन्नास गीझर एका बिलात घेतले असतील. त्या बिलाची प्रत त्याच्याकडून मागून घ्या. बिल नसलं की सिरियल नंबरवरून बनल्याची तारीख धरण्याकडे कंपनीचा कल असतो, आणि बिल्डरच्या गोदामात वर्षभर पडून राहिलेल्या गीझरचं ते वर्ष तुमच्या खात्यातून जातं.

निकाल लागेपर्यंत जुना गीझर बाल्कनीत ठेवा. घरच्यांचे टोमणे ऐका, पण कबाडीला देऊ नका. कारण पुढे येईलच.

आम्ही तीन वर्षं जुना फ्लॅट रिसेलमध्ये घेतला. बिल्डर म्हणतो, माझा करार तुमच्याशी नाही. – मनीषनगर

खोटं आहे. रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार नंतर विकत घेणाराही अलॉटीच, म्हणजे कायद्याने हक्क दिलेला फ्लॅटधारक, फक्त भाडेकरू त्यात येत नाही. मात्र पाच वर्षं मूळ मालकाला ताबा मिळाल्यापासून मोजली जातात, तुमच्या रजिस्ट्रीपासून नव्हे. म्हणजे तुमच्या हातात दोन वर्षं उरली आहेत. मूळ ताबापत्राची प्रत विकणाऱ्याकडून आजच घेऊन ठेवा. तो पुण्याला जाऊन स्थायिक झाला की फोनसुद्धा उचलणार नाही.

आमची सहा फ्लॅटची छोटी स्कीम आहे. गच्चीवर ३०० लिटरचं सोलर बसवून दिलं. पहिल्या हिवाळ्यात ठीक होतं, आता सकाळी कोमट पाणीसुद्धा येत नाही. दोन मेकॅनिक नळ्या बदलायला सांगून गेले. बिल्डर म्हणतो, स्कीम रेरात नाही, तुम्ही काही करू शकत नाही. – हुडकेश्वर रोड

नळ्यांना हात लावायच्या आधी एक प्रयोग करा. खर्च शून्य.

पहाटे कोणी आंघोळीला जायच्या आत गच्चीवर जा आणि सोलरच्या टाकीतून निघणारा गरम पाण्याचा पाइप हाताने चाचपा. टाकीजवळ तो चांगला तापलेला असेल आणि घरातल्या नळाला पाणी गार येत असेल तर सोलर निर्दोष आहे. चोर एखाद्या बाथरूममध्ये लपलाय. तो असा: कोणीतरी मिक्सरचे गरम-थंड दोन्ही कॉक उघडे ठेवलेत आणि पाणी मात्र हँडशॉवरच्या टोकाला बंद केलंय. सोलरचं पाणी टाकीच्या उंचीच्या जोरावर येतं. थंड लाईनवर बऱ्याच ठिकाणी प्रेशर पंप असतो. जोर जास्त असलेलं थंड पाणी मिक्सरमधून उलट गरम लाईनमध्ये घुसतं आणि सहाही घरांना गार पाणी मिळतं. एकेका फ्लॅटच्या थंड पाण्याचा वॉल्व्ह आळीपाळीने बंद करा. ज्याचा बंद केल्यावर बाकीच्यांना गरम पाणी येऊ लागेल, तिथे गोंधळ आहे. (शोध लागल्यावर त्या शेजाऱ्याशी भांडू नका. सहा फ्लॅटच्या स्कीममध्ये भांडण फार महाग पडतं.) कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाईनवर एकेक नॉन-रिटर्न वॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारा. तो मुळात बसवलेलाच नसेल तर हा वापरातला नव्हे, कामातला दोष, आणि खर्च बिल्डरचा.

टाकीजवळही पाइप गारच असेल तर मग नळी फुटली आहे का, लाईनमध्ये हवा अडकली आहे का, क्षार साचलेत का, ते बघायचं. उन्हाळ्यात कधी सोलर रिकामं पडलं होतं का, ते आठवा. नागपूरच्या मे महिन्यात पाण्याविना राहिलेली काचेची नळी आतून दोनशे अंशांच्या आसपास तापते. भर दुपारी तिच्यात गार पाणी सोडलं की ती तडकणारच. सोलर पुन्हा भरायचं ते सूर्य उगवायच्या आत.

आता कटू भाग. सहा घरं म्हणजे चोवीसेक माणसं, आणि सोलर ३०० लिटरचं. माणशी बारा-तेरा लिटर गरम पाणी आलं, त्यात अर्धी आंघोळ होते. पहिल्या वर्षी निम्मे फ्लॅट रिकामे होते म्हणून पुरलं असेल. सगळं दुरुस्त केल्यावरही शेवटच्या दोन घरांना पुरणार नाही. करारात किती लिटर कबूल केलं होतं ते तपासा.

बिल्डरचं म्हणणं अर्धं खरं आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसलेली जमीन किंवा जास्तीत जास्त आठ सदनिका असतील तर रेरात नोंदणी लागत नाही. पण म्हणून तो मोकळा सुटत नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या ओनरशिप फ्लॅट्स कायद्यातही ताब्यापासून तीन वर्षांत दाखवलेले दोष फुकट दुरुस्त करून देण्याची तरतूद आहे, आणि ग्राहक आयोगाचा रस्ता तर उघडाच आहे. पत्र सहाही जणांच्या सह्यांनी द्या. एकट्याचं पत्र बिल्डर खिशात घालतो.

दोन वर्षांत तीनदा कॉइल जळाली. दरवेळी मेकॅनिक व्होल्टेजचं कारण देतो. – त्रिमूर्तीनगर

व्होल्टेजचा दोष असता तर फ्रिज आणि टीव्हीही रडले असते. जळालेली कॉइल बघितलीत का? तिच्यावर पांढरा, चुन्यासारखा थर असेल तर कारण तेच. कठीण पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो. उष्णता पाण्यात न जाता आतच कोंडते आणि कॉइल स्वतःच्याच तापाने जळते. पाणी साठ अंशांच्या पुढे गेलं की थर भराभर वाढतो. थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा. दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. हिवाळ्यातलं १८ अंशांचं २५ लिटर पाणी ५५ वर न्यायला दोन किलोवॅटच्या गीझरला साधारण अर्धा तास आणि एक युनिट पुरतं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, टाकी उघडून चुना काढायचा आणि मॅग्नेशियम रॉड बघायचा. दिवाळीत गच्चीपासून देवघरापर्यंत सगळं साफ करतो, गीझर तेवढा राहतो.

मात्र पाणी गेलेलं असताना गीझर चालू राहिला आणि टाकी रिकामी असली तर कॉइल नवीच का असेना, जाते. तुमच्याकडे पाणी कोणत्या वेळी जातं आणि गीझर कोणत्या वेळी लागतो, हे एकदा ताडून बघा.

दहा हजारांच्या गीझरसाठी ग्राहक आयोगात जाणं परवडतं का? वकील लागतो का? – धरमपेठ

वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नागपूरलाच दाखल करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

एक गाठ मात्र आहे. तक्रार गीझर कंपनीविरुद्ध असेल तर किंमत गीझरची धरली जाते. बिल्डरविरुद्ध असेल तर फ्लॅटची किंमत पुढे येऊ शकते. फ्लॅट ५० लाखांच्या वरचा असला तर प्रकरण जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगाकडे जातं आणि फीही वाढते. त्यामुळे नुसत्या गीझरसाठी मी कंपनीलाच धरेन. "बिल तुमच्या नावावर नाही, तुम्ही ग्राहकच नाही," असं कंपनी म्हणेल. ते चालत नाही. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहकच आहे.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नोटीस जायच्या आत "सर, उद्या मेकॅनिक पाठवतो" असा फोन आलेला मी अनेकदा पाहिलाय.

आता जुना गीझर का ठेवायचा ते. दोष तपासल्याशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. वस्तूच नसेल तर काय पाठवणार? इतवारीतल्या भंगाराच्या दुकानातून तुमची टाकी परत मिळत नाही. टाकी, जळालेली कॉइल, झिजलेला रॉड हे सगळं पोत्यात भरून, तारीख लिहून ठेवा. मेकॅनिक जुना भाग "कंपनीत जमा करायचाय" म्हणून मागेल. दिलाच तर सिरियल नंबरसह पोच घ्या, आणि आधी फोटो.

विजेचा गीझर बंद आहे तोवर बाथरूममध्ये गॅस गीझर लावला तर? बाथरूमला खिडकी नाही, एक्झॉस्ट आहे. – वाठोडा

नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरच्या ज्योतीला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेला माणूस आतच बेशुद्ध होतो आणि बाहेरच्यांना वाटतं वेळ लागतोय. एक्झॉस्टवर भिस्त ठेवू नका, तो बंदही असतो आणि बिघडतोही. गॅस गीझर लावायचाच तर बाथरूमबाहेर, उघड्या हवेच्या बाल्कनीत, आणि पाइप आत आणायचा. तेवढी जागा नसेल तर चार दिवस गॅसवर पातेलं ठेवा आणि बादलीने आंघोळ करा.