विज्ञानातील सर्जनशीलता गुणांत मोजता येते का?

प्रश्न : मी नववीला विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्याकडे घटक चाचणीच्या गुणांवरून मुले निवडली जातात. पण ज्यांना काही नवे सुचते, अशी मुले अनेकदा त्या यादीत नसतात. वैज्ञानिक सर्जनशीलता मोजणारी एखादी चाचणी आहे का, आणि ती शाळेत घेता येईल का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : अशी चाचणी आहे. सर्वसाधारण सर्जनशीलतेसाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या चाचण्या 1966पासून प्रचलित आहेत, मात्र त्यांत विज्ञानाचे ज्ञान लागत नाही. ही उणीव लक्षात घेऊन वेइपिंग हू आणि फिलिप एडी या संशोधकांनी 2002 मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी सात प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली आणि ती इंग्लंडमधील 160 विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून तपासली. काचेच्या तुकड्याचे वैज्ञानिक उपयोग सांगा, गुरुत्वाकर्षण नसते तर जग कसे असते ते लिहा, सायकलमध्ये सुधारणा सुचवा, दोन प्रकारच्या रुमालांपैकी चांगला कोणता हे प्रयोगाने कसे ठरवाल, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत.

प्रश्न सोपे वाटतात. अवघड आहे ती तपासणी. बहुतेक प्रश्नांत उत्तरांची संख्या आणि त्यांतील विविधता यांना गुण मिळतात, तर मौलिकता ठरते ती इतरांच्या उत्तरांवरून : 5 टक्क्यांहून कमी मुलांनी दिलेल्या उत्तराला 2 गुण, 5 ते 10 टक्के मुलांनी दिलेल्याला 1, त्याहून सर्रास आढळणाऱ्याला शून्य. चाळीस मुलांच्या वर्गात 5 टक्के म्हणजे दोनच मुले, त्यामुळे एका मुलीला सुचलेली कल्पना शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनेही लिहिली की दोघींचा एकेक गुण कमी होतो, आणि यात त्या कल्पनेच्या कसाचा काहीच संबंध नसतो! म्हणून एकाच तुकडीवर विसंबू नये. सर्व तुकड्यांच्या उत्तरपत्रिका एकत्र कराव्यात आणि दोन शिक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासाव्यात. दुर्मिळ पण विज्ञानाला सोडून असलेले उत्तर मौलिक धरू नये, हेही आधीच ठरवून घ्यावे.

तुमच्या निरीक्षणाबाबत एक गोष्ट सांगायला हवी. हू आणि एडी यांच्या याच अभ्यासात विज्ञानातील क्षमता ही वैज्ञानिक सर्जनशीलतेसाठी आवश्यक, पण पुरेशी नाही असे आढळले. त्यामुळे घटक चाचणीचे गुण बाजूला सारण्याची गरज नाही. त्यांना किमान पात्रतेपुरते ठेवावे आणि पुढची निवड वेगळ्या मार्गाने करावी, असे माझे मत आहे. त्यासाठीही केवळ लेखी चाचणी अपुरी पडते. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि पुढे कृतिसंशोधन प्रकल्प व मुलाखत असते, ती रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तुमच्या शाळेत रुमालाचा प्रश्न आधी लिहून घ्यावा, मग पाणी, वजनकाटा आणि घड्याळ देऊन तोच प्रयोग मुलांना प्रत्यक्ष करायला लावावा, आणि अपेक्षित निष्कर्ष निघाला नाही तर कोण मांडणी बदलून पाहते याची नोंद ठेवावी.