मुंबईत शासकीय खात्यांसाठी कार्यालयाच्या जागा भाड्याने घेण्याचे प्रकल्प सांभाळणं म्हणजे नेमकं काय काम असतं? खासगी लीजिंग सोडून तिकडे जावं का?

तुम्ही लिहिलंय की अंधेरी आणि बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) खासगी कंपन्यांच्या लीजिंगमध्ये तुमची बरीच वर्षं गेली, आता एका सल्लागार संस्थेने शासकीय खात्यांच्या जागांचे प्रकल्प सांभाळायला बोलावलंय, आणि मित्रमंडळी म्हणतायत की तिथे नुसत्या फायली फिरतात, जाऊ नका. मी याच कामात आहे आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फायली फिरतात हे खरं आहे. खासगी कंपनीत संचालकांनी मजला बघितला, आवडला, की दोन-तीन महिन्यांत करार होतो. सरकारी कामात नुसतं आवडलं म्हणून कुणालाच सही करता येत नाही. प्रस्ताव कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिव, उपसचिव, सचिव असा चढतो, मध्येच सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो, वित्त विभागाकडे जातो, शेरा घेऊन खाली येतो आणि पुन्हा चढतो. तेवढ्यात एप्रिल-मे उजाडला तर ज्यांनी काम सुरू केलं त्यांचीच बदली झालेली असते. काही वर्षांनी लेखापरीक्षक तीच नस्ती, म्हणजे फाइल, उघडून विचारतात, हीच इमारत का, हाच दर का. तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता, ते अधिकारीही नसतात. उत्तर नस्तीतच असावं लागतं.

म्हणून माझा आग्रह एकच असतो: एकही इमारत बघायच्या आधी गरज लिहून काढा आणि त्यावर खात्याची सही घ्या. होतं उलट. कुणीतरी एक जागा दाखवतं, सगळ्यांना बरी वाटते, मग तिच्या मापाची गरज लिहिली जाते. ते वाचणाऱ्याला लगेच कळतं, कारण लागणारं क्षेत्रफळ आणि त्या मजल्याचं क्षेत्रफळ चौरस फुटापर्यंत जुळलेलं असतं.

गरज लिहायची म्हणजे माणसं मोजायची असं वाटतं. तिथेच पहिला पेच पडतो. आकृतिबंधात, म्हणजे खात्याच्या मंजूर पदरचनेत, पदं एक असतात, भरलेली पदं त्याहून बरीच कमी. मंजूर पदांवर जागा घेतली तर रिकाम्या खुर्च्यांचं भाडं जातं, भरलेल्या पदांवर घेतली तर पुढच्या भरतीला माणसं बसवायची कुठे हा प्रश्न. मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडते, पुढच्या पाच वर्षांत किती पदं भरण्याचा प्रस्ताव कुठल्या टप्प्यावर आहे ते खात्याकडून लेखी घेते आणि मगच मधला आकडा सुचवते. तो आकडा कुठून आला हे टिपणीत लिहिलेलं असतं. वित्त विभाग अशा आकड्यावर फारसा अडत नाही.

पण खात्याची माणसं म्हणजे निम्मी गोष्ट झाली. एका अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयासारख्या सुनावण्या घेणाऱ्या, कार्यालयाचा प्रस्ताव माझ्याकडे आला तेव्हा त्यात केबिन किती, टेबलं किती, बैठकीची खोली केवढी एवढंच होतं. सुनावणीच्या दिवशी सकाळी त्यांच्या चालू जागेत जाऊन उभी राहिले. जिन्यावर वकील बसलेले, पक्षकार मार्गिकेत भिंतीला टेकून उभे, एक आजी चपला काढून पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसलेल्या. शिपाई दारातून नाव पुकारायचा, ते खालच्या वळणावर ऐकूच जायचं नाही, मग कुणीतरी मध्ये उभं राहून तेच नाव खाली पुन्हा ओरडायचं. त्या कार्यालयाला मोठी केबिन नको होती. बसायला बाकडी असलेली प्रशस्त प्रतीक्षा जागा, दोन सुनावणी कक्ष, आलेल्यांसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि पाण्याची सोय हवी होती. गरजपत्रक पुन्हा लिहिलं आणि या गोष्टी निविदेच्या अटींत घातल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे उतार, लिफ्ट, वापरता येईल असं स्वच्छतागृह हे सार्वजनिक कार्यालयात लागतंच. पण निविदेत स्पष्ट लिहिलं नाही तर प्रवेशाच्या तीन पायऱ्या तशाच राहतात.

दुसरी गोष्ट कागद. ई-ऑफिस आलं तरी अ वर्गाचे अभिलेख कायम जपायचे असतात. नव्या काचेच्या इमारतीत अभिलेख कक्षाचा विचार कुणी केलेलाच नसतो. कार्यालयाचा मजला भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो भार धरून बांधलेला असतो. कागद ठासून भरलेली उंच सरकती कपाटं त्याच्या दुपटीच्या पुढे सहज जातात. म्हणून संरचना अभियंत्याकडून मजल्याची भारक्षमता लेखी घ्यायची आणि अभिलेख शक्यतो तळमजल्यावर किंवा तळघर सोडून खालच्या मजल्यावर मागायचे. मुंबईत तळघर नको याचं कारण जुलैमध्ये कुणालाही विचारा. आणि स्थलांतराच्या आधी खात्याला अभिलेखांचं वर्गीकरण करायला लावायचं. ड वर्गातले, मुदत संपलेले कागद रीतसर नष्ट झाले की लागणारी जागा डोळ्यांदेखत कमी होते. भाडं वाचवण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही.

आता मोजणी. खासगीत तुम्हाला चार्जेबल एरियाची, म्हणजे सामाईक जागेचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्रफळाची, सवय झालेली असेल. इथे भाडं कार्पेटवर, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर, ठरतं, आणि कार्पेट म्हणजे कुठलं हेही ठरवावं लागतं. रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येतलं कार्पेट वेगळं आणि आयएस ३८६१ या भारतीय मानकातलं वेगळं. मानकात स्वच्छतागृहं, जिने, लिफ्टची जागा, मार्गिका, वातानुकूलन यंत्रांची जागा वजा होते. निविदेत मानकाचा क्रमांक नमूद केला नाही तर दर उघडल्यावर प्रत्येक मालक आपापल्या मापाने बोलतो. समजा मालकाने १०,००० चौरस फूट चार्जेबल सांगितलं आणि दर १५० रुपये. महिन्याचे १५ लाख झाले. मोजणीत कार्पेट ६,००० भरलं तर खरा दर २५० रुपये. शेजारच्या इमारतीत मालकाने १७५ रुपये मागितले पण १०,००० मधलं ८,००० कार्पेट निघालं, तर तिथला खरा दर २१९ च्या आत. आधी महाग वाटलेली जागाच स्वस्त निघाली. संयुक्त मोजणीच्या दिवशी मी स्वतः जाते. शाखा अभियंता, मालकाचा माणूस आणि खात्याचा प्रतिनिधी तिघांसमोर खोलीखोलीचं माप घ्यायचं, खांब वजा करायचे, आणि जागेवरच कच्च्या नकाशावर तिघांच्या सह्या घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी टाइप करून पाठवू म्हटलं की वाद सुरू झालाच म्हणून समजा.

दराचं बोलायचं तर राज्याच्या खात्यांना सार्वजनिक बांधकाम विभागाचं भाडे वाजवी असल्याचं प्रमाणपत्र लागतं. केंद्राच्या खात्यांना आधी संपदा संचालनालयाकडून सरकारी जागा उपलब्ध नसल्याचा दाखला आणि मग सीपीडब्ल्यूडीचं (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचं) प्रमाणपत्र. हा दर बाजारभावाच्या खाली येतो असं वारंवार होतं आणि तुमचे जुने मित्र इथेच वैतागतात. वैतागून उपयोग नाही. अभियंत्यांना त्याच परिसरातले नोंदणीकृत करार, त्यांचं कार्पेटवर आणलेलं भाडं, त्यातली देखभाल धरलीय की नाही, हे सगळं नीट मांडून द्या. आयजीआरच्या (नोंदणी महानिरीक्षकांच्या) संकेतस्थळावर शोध घेऊन सूची दोन, म्हणजे नोंदणीकृत कराराचा गोषवारा, काढता येते. दलालाच्या पत्रापेक्षा नोंदणीकृत कराराला वजन असतं.

मालक सरकारला जागा द्यायला का कचरतात हे समजून घ्यायला थोडा इतिहास लागतो. मुंबई जमीन अधिग्रहण कायदा, १९४८ खाली सरकारने शहरात कितीतरी जागा तात्पुरत्या म्हणून घेतल्या आणि दशकानुदशकं सोडल्या नाहीत. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रिकाम्या करायला सांगितलं, तर राज्याने कायदा बदलून सरकारला आणि सरकारने बसवलेल्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. तीच तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २७ मध्ये आहे. शिवाय बँका, सार्वजनिक उपक्रम, कायद्याने स्थापन झालेली महामंडळं आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना कलम ३ प्रमाणे त्या कायद्याचं संरक्षण मिळत नाही, पण सरकारी खातं त्या यादीत नाही. दक्षिण मुंबईतल्या जुन्या मालकांच्या घरात हे अनुभव अजून ताजे आहेत. त्यांना वकिली भाषेत समजावू नका. जागा सोडण्याची तारीख, सोडताना जागा कुठल्या स्थितीत द्यायची, मुदतीनंतर राहिल्यास वाढीव रक्कम किती, हे करारात ठळक लिहून दाखवा आणि खात्याकडून ते कबूल करून घ्या. ती कलमं खात्याला पटवायला मालकाला पटवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मालकाची दुसरी भीती भाडं वेळेवर मिळण्याची. भाड्याची तरतूद खात्याच्या अंदाजपत्रकात '१४ भाडेपट्टी व कर' या उद्दिष्टाखाली, म्हणजे खर्चाच्या शीर्षाखाली, असते. ती पुरेशी नसली की वर्षाच्या शेवटी बिलं अडकतात आणि एप्रिलमध्ये नवी तरतूद येईपर्यंत मालक फोन करत राहतो. म्हणून करार होण्याआधीच पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात वाढीव भाडं, १८ टक्के जीएसटी आणि वार्षिक वाढ धरली का ते बघा. हे काम सल्लागाराचं नाही असं कुणी म्हणेल. माझ्या मते आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत हे बघा: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी), अग्निसुरक्षेचं जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं नमुना ब प्रमाणपत्र, तीस वर्षांवरच्या इमारतीचा संरचनात्मक स्थिरतेचा दाखला, सोसायटीचं ना-हरकत पत्र. नरिमन पॉइंटच्या बऱ्याच इमारतींत एकाच मजल्याचे तीन-चार मालक असतात. त्यातला एक परदेशात असला की सगळं लांबतं. अग्निसुरक्षेकडे औपचारिकता म्हणून बघू नका. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, चौथ्या मजल्यापासून वरचे मजले जळाले, माणसं गेली, नस्त्या गेल्या आणि अनेक विभाग जी. टी. रुग्णालयाच्या इमारतीत आणि इतरत्र हलवावे लागले. शहरात सरकारसाठी जागा शोधण्याची घाई कशी असते ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

भाडं की खरेदी हा प्रश्न तुमच्यासमोर येईलच. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची २३ मजली इमारत राज्याने १,६०१ कोटी रुपयांना घेण्याच्या व्यवहाराला केंद्राने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. मला हा निर्णय बरोबर वाटतो. मंत्रालयाशी रोजचा संबंध असलेली आणि कधीच बंद न होणारी कार्यालयं वर्षानुवर्षं भाड्याने ठेवण्यात अर्थ नाही. पण मुदतीचा प्रकल्प, नवं प्राधिकरण, चौकशी आयोग यांना भाड्याचीच जागा हवी. आणि ज्या कार्यालयात वसई, कल्याण, मानखुर्दहून लोक येतात ते चर्चगेटजवळ ठेवण्याचा हट्ट का, असं खात्याला विचारायची हिंमत ठेवा. मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावू लागल्यावर बीकेसी आणि दक्षिण मुंबईतलं अंतर कमी झालंय हे खरं. तरी येणाऱ्याचा तिकिटाचा आणि दिवसभराच्या मजुरीचा खर्च भाड्याच्या तक्त्यात कुठेच दिसत नसतो. मी तो वेगळा रकाना करून दाखवते. कधी ऐकतात, कधी नाही.

वेळापत्रकात आचारसंहिता धरा, आणि मालकाचा देकार, म्हणजे त्याने दिलेला प्रस्ताव, किमान १८० दिवस वैध राहील अशी अट घाला. टिपणी मराठीत स्वतः लिहायला शिका. इंग्रजीतून करून घेतलेली टिपणी तीन टेबलांवर तीन वेगळ्या अर्थांनी वाचली जाते.

तुम्ही जावं असंच मी म्हणेन. त्या संस्थेला मुलाखतीत एवढं मात्र विचारा, की तुमचं मानधन खातं देतं की मालकाकडून दलाली येते. मालकाकडून येत असेल तर ते खात्याला लेखी कळवलंय का तेही विचारा आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघा. रुजू झालात तर पहिल्या आठवड्यात ज्या जागांचे करार पुढच्या दोन वर्षांत संपतायत त्यांची यादी मागा आणि त्यातल्या सर्वांत जवळच्या तारखेच्या नस्तीपासून वाचायला सुरुवात करा.