गेम गिअर मुका झालाय

प्रश्न : आत्तेभावाने न्यू जर्सीहून येताना त्याचा जुना सेगा गेम गिअर (हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम) आणून दिला. दिवा लागतो, पण चित्र अगदी पुसट, तिरपं धरलं तरच दिसतं. आवाज तर नाहीच. सरळ नवा आयपीएस स्क्रीन (कुठल्याही कोनातून स्वच्छ दिसणारा एलसीडी) बसवू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : थांबा हो, स्क्रीनची घाई नको! १९९० साली जपानात आलेलं हे यंत्र. त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) वयोमानाने गळतात. माझ्या टेबलावर येणारा जवळजवळ प्रत्येक गेम गिअर हेच दुखणं घेऊन येतो. सोल्डरिंग आयर्न टेकवलं की सुक्या बोंबलासारखा वास सुटतो, तेव्हा समजायचं, रोग सापडला.

एक स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाही, त्याला ४.५ मिमीचा गेमबिट (खास टोकाचा स्क्रूड्रायव्हर) लागतो. आत आवाजाची छोटी पट्टी वेगळी असते, सुरुवात तिथूनच करा. जुने कपॅसिटर पकडीने उपटू नका, खालचा तांब्याचा पॅड सोबत निघून येतो आणि मग तारा जोडत बसावं लागतं. सांडलेलं द्रव्य आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवे बसवताना अधिक-उणे बघा. मुख्य बोर्डावर ‘व्हीए’ आणि पुढे आकडा छापलेला असतो. कपॅसिटरची यादी त्यानुसार बदलते, तेव्हा मागवण्याआधी तो वाचा.

स्क्रीनमागच्या प्रकाशनळीला जास्त व्होल्टेज असतं. सेल काढल्याशिवाय हात घालू नका.

एवढं करून चित्र आवडलं नाही, तर खुशाल आयपीएस बसवा. त्यात ही जुनी नळी काढून टाकली जाते, सहा पेन्सिल सेलही जास्त टिकतात.