हजहून आले, पण मन घरी परतलंच नाही

"आपा, सलाम. खेड तालुक्यातल्या एका मोहल्ल्यातून लिहितेय. वय 51. नवऱ्याने 22 वर्षं कुवेतला गाडी चालवून जमवलेल्या पैशांतून आम्ही दोघं यंदा हजला जाऊन आलो. शेवटच्या तवाफनंतर, म्हणजे काब्याभोवतीच्या फेऱ्यांनंतर, काब्याला पाठ दाखवायची नाही म्हणून मी उलट्या पावलांनी, रडत बाहेर आले. घरी येऊन दोन महिने झाले. पहिले आठ दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ, जमजम आणि खजूर वाटणं. आता पुन्हा तेच घरकाम, आणि सामाईक विहिरीच्या पंपावरून जावेशी तीच धुसफूस. परवा तिला नको ते बोलून बसले. लोक 'हज्जन' म्हणतात तेव्हा शरम वाटते. नमाजमध्ये तिथल्यासारखं डोळ्यांत पाणी येत नाही. माझा हज कबूल झाला नाही का? सारखं वाटतं, उमऱ्याला, म्हणजे त्या छोट्या हजला, परत जावं. पैसे आहेत, पण नवरा म्हणतो, ते धाकटीच्या नर्सिंगच्या कोर्सचे. काय करू?"

वालेकुम सलाम, हज्जन. हो, मीही म्हणणार. शरम वाटते ना, वाटू दे. ती उपयोगाची आहे.

कबूल झाला की नाही, हे सांगणारी मी कोण? पण एवढं सांगते, हजच्या फर्जांत, म्हणजे जे करावंच लागतं त्यात, अराफातच्या मैदानात थांबणं येतं, तवाफ येतो, रडणं येत नाही. तिथे रडू आलं ही मेहरबानी होती, ती रोज पाच वेळा वसूल करायची नसते. आणि ते उलट्या पावलांनी चालणं! प्रेमाने केलंस, ठीक. पण त्याला आधार नाही, असं बरेच उलेमा, धर्माचे जाणकार, सांगतात. काब्याकडे पाठ करून घराकडे तोंड करण्यात बेअदबी नाही. तू मात्र अजून उलटीच चालतेयस असं पत्र वाचताना वाटलं.

माझी दादी मुंबईहून जहाजाने जेद्दाला गेली होती. ती जहाजं 1995 पर्यंत चालली. परतीच्या वाटेवर आठवडाभर तरी नुसतं पाणी बघायचं, तस्बीह फिरवायची, बायकांशी बोलायचं. मन हळूहळू मागून येत असेल. तू जेद्दाला विमानात बसलीस आणि पाचेक तासांत मुंबईत उतरलीस. दुसऱ्या दिवशी भांडी. मन मागे राहिलं तर त्यात तुझा गुन्हा काय?

तिथे परत जावंसं वाटणं हा हावरटपणाही नाही. कुराणातल्या सूरह बकरहच्या 125 व्या आयतीत अल्लाहच्या त्या घराला 'मसाबा' म्हटलंय. पुन्हा पुन्हा परतून यावं अशी जागा. जुने मुफस्सिर, म्हणजे कुराणाचे भाष्यकार, याचा अर्थ सांगतात की लोक येतात, आपल्या घरी जातात, पण त्यांचं मन भरत नाही. म्हणजे ती ओढ त्या घराच्या नावातच आहे. नाही वाटली तरच नवल. ओढ लागली म्हणून तिकीट काढलंच पाहिजे, असं मात्र नाही.

पैगंबरसाहेबांनी हिजरतनंतर, म्हणजे मक्का सोडून मदिनेला गेल्यावर, एकच हज केला, हिजरी 10 मध्ये. दरवर्षी करायचा का, असं कुणी विचारलं तेव्हा उत्तर होतं की फर्ज एकदाच, त्यापुढचा नफील, म्हणजे ऐच्छिक. आणि सफरीबद्दल ते म्हणाले, सफर हा अजाबचा, यातनेचा, एक तुकडा आहे, काम झालं की माणसाने लवकर आपल्या घरच्यांकडे परतावं. हज किंवा उमऱ्याहून परतताना ते जे म्हणत, ते तुमच्या हजच्या पुस्तिकेत असेलच: आयिबून, ताइबून, आबिदून, लिरब्बिना हामिदून. आम्ही परतणारे, तौबा करणारे, इबादत करणारे, आपल्या रबची स्तुती करणारे. बघ, पहिला शब्द परतण्याचा, आणि दुसऱ्याच्या, तौबाच्या, मुळाशीही परतणंच आहे. मक्केहून निघताना तू एका परतण्याला लागलीस, दुसरं बाकी आहे. ते जावेच्या दारापर्यंतचं.

निघण्यापूर्वी मोहल्ल्यात घरोघर जाऊन 'कहासुना माफ करा' म्हणाली असशील. जावेला म्हणालीस? की सगळ्यांच्या घोळक्यात, तिच्याकडे न बघता? हज नीट करणारा आईने जन्म दिला त्या दिवसासारखा परततो, ही हदीस सगळ्यांना पाठ असते. पण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचं देणं, ज्याचं त्याने माफ केल्याशिवाय फिटत नाही, हे उलेमा बजावून सांगतात. कुणाचे पैसे असोत, कुणाचा अपमान असो. तुझ्या मनात जी खुटखुट आहे ती हज वाया गेल्याची नसून या थकबाकीची आहे, असा माझा अंदाज. पूर्वी तिला बोलून तुला एवढं लागत होतं का? आता लागतंय. हजने काही बदललं नाही म्हणतेस, मग हे काय आहे?

आता पैशांचं. यात मी नवऱ्याच्या बाजूची. नवव्या शतकातल्या बगदादचे बुजुर्ग बिश्र हाफी यांची एक गोष्ट सांगतात. एक जण नफील हजला निघाला, निरोप घ्यायला आला. खर्चाला किती? 2,000 दिरहम. बिश्र म्हणाले, अल्लाहची रजा, म्हणजे खुशी, हवी असेल तर हे पैसे दहा जणांना दे, कर्जदाराला, गरिबाला, लेकरंबाळं असलेल्याला, यतीम, अनाथ पोर सांभाळणाऱ्याला. तो म्हणाला, पण मनात सफरीचीच ओढ जास्त आहे. निदान खरं तरी बोलला. तू सफा-मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या, म्हणजे सई, केल्यास. तान्ह्या पोरासाठी पाणी शोधत बीबी हाजरा धावल्या, त्याची ती आठवण. पोरीच्या फीचे पैसे काढून तीच सई करायला पुन्हा जाणं मला तरी पटत नाही. हज कमिटीसुद्धा एकदा जाऊन आलेल्याचा अर्ज साधारणपणे घेत नाही, रांगेत बाकीचे आहेत. धाकटी नोकरीला लागली की उमऱ्याचा विषय काढ. कदाचित तीच घेऊन जाईल.

जमजम वाटलं म्हणतेस. जावेच्या घरी कोण घेऊन गेलं होतं, तू की धाकटी? थोडं शिल्लक असेल तर या वेळी स्वतः जा. असरच्या नमाजनंतर, दुपार कलल्यावर, एकटी. परवाच्या बोलण्याची माफी माग, तिचंही चुकलं होतं हे न जोडता. ती लगेच विरघळणार नाही, चहाही विचारणार नाही कदाचित. पंपाच्या बिलाचं त्या दिवशी काढू नकोस.