मामाची मुलगी : नातं किती जवळचं?

प्रश्न : माझं लग्न मामाच्या मुलीशी ठरतंय. बाबांनीही त्यांच्या सख्ख्या मामाचीच मुलगी केली होती. मामाला थॅलेसेमिया मायनर आहे. आमचं गोत्र वेगळं, रक्तगटही वेगळे. तरी मुलांना धोका आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : धोका आहे, आणि तो मोजता येतो. थॅलेसेमिया हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार; मायनर म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच दोष. रक्तगटाचा इथे संबंध नाही. गोत्र वडिलांकडून चालतं, जनुकं मात्र आई-वडील दोघांकडून निम्मी-निम्मी येतात. त्यामुळे मामेबहीण चुलतबहिणीइतकीच जवळची.

तुम्ही, आई, आजोबा, मामा, मामाची मुलगी : या चार पायऱ्या. सामाईक जनुकांचा वाटा दर पायरीला निम्मा होतो, म्हणजे १/१६. आजीमार्गे तेवढंच, एकूण १/८. (सख्ख्या भावंडांत १/२, मामा-भाच्यात १/४.) पण तुमच्या वडिलांची आई आणि तुमच्या आईचे वडील सख्खी भावंडं आहेत. ही दुसरी वाट सहा पायऱ्यांची. पणजोबा आणि पणजी मिळून १/३२. बेरीज ५/३२. बाळाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता याच्या निम्मी, ७.८ टक्के. एरवीच्या मामे-आते लग्नात ती ६.२५ असते. घरातली जुनी लग्नं हिशेबात धरायचं बहुतेकदा राहूनच जातं.

मामाच्या मुलीत थॅलेसेमियाचा दोष असण्याची शक्यता १/२, तुमच्यात किमान १/४. पण इथे अंदाजावर थांबूच नका. साखरपुड्याआधी दोघांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्तचाचणी) करून घ्या. त्यातला हिमोग्लोबिन ए-टू हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर मायनर समजतात. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येतो आणि दोष निसटतो. म्हणून फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासा, कमी निघाल्यास उपचारानंतर एचपीएलसी पुन्हा करा.

एकाच्यातच दोष निघाला तर मुलाला मेजर (दोन्ही प्रती सदोष असल्यावर होणारा गंभीर आजार) होत नाही. दोघांत निघाला तर प्रत्येक गरोदरपणात धोका १/४. तरीही लग्न करायचं ठरलं तर दोघांचं नेमकं म्युटेशन (जनुकातला बदल) गर्भधारणेआधीच शोधून ठेवा. ते माहीत असेल तरच ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाचं निदान वेळेत होतं.

हे अहवाल चांगले आले तरी ते फक्त थॅलेसेमियापुरते. घरात जन्मतः बहिरेपण, मतिमंदत्व किंवा लहानपणीचे अकाली मृत्यू असतील, तर तीन पिढ्यांची वंशावळ लिहून जनुकीय समुपदेशकाकडे न्या.