रक्तगट जुळत नाही आणि दीर बोलत नाहीत

प्रश्न : माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते. त्यांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, माझा बी पॉझिटिव्ह. मी किडनी द्यायला तयार होते, पण गट जुळत नाही असे कळले आणि तेव्हापासून मन खात आहे. सासूबाईंचा गट जुळतो, पण त्यांना मधुमेह आहे. धाकट्या दिरांचा गट ओ आहे. मात्र विषय निघाला की ते उठून जातात. सासूबाई म्हणतात, तूच त्यांना गळ घाल. घालू का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, गळ घालू नका. निरोगी माणूस एका किडनीवर चांगला जगू शकतो हे खरे असले, तरी शस्त्रक्रियेची जोखीम दात्याचीच असते, आणि ती घ्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच असतो. दिरांनी रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकांना एकट्याने भेटावे, एवढेच यजमानांनी त्यांना एकदा सांगावे. त्या भेटीनंतर त्यांनी नकार दिला, तर कारण विचारू नये आणि सासूबाईंनाही विचारू देऊ नये. आज दडपणाखाली मिळालेला होकार उद्या दोन्ही भावांना जड जाईल.

आता तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीविषयी. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज, म्हणजे परक्या घटकांवर हल्ला करणारी प्रथिने) लहानपणापासूनच असतात आणि ती तुमच्या किडनीच्या रक्तवाहिन्यांवर लगेच हल्ला करू शकतात. यात तुमच्या इच्छेची किंवा नात्याची कसलीही उणीव नाही. (पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा प्रश्न किडनीच्या बाबतीत सहसा आड येत नाही.)

शिवाय गट जुळत नाही म्हणजे तुमचा मार्ग पूर्ण बंद झाला असेही नाही. रक्तातील प्रतिपिंडे आधी कमी करून वेगळ्या गटाची किडनी बसवण्याची पद्धत आज भारतात वापरली जाते. तिचा खर्च आणि संसर्गाचा धोका नेहमीच्या प्रत्यारोपणापेक्षा जास्त असतो. म्हणून यजमानांच्या रक्तातील बी-विरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण मोजून घ्या आणि तो आकडा समोर ठेवूनच डॉक्टरांशी बोला. दुसरा मार्ग अदलाबदलीचा आहे. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि दोन कुटुंबांनी आपापल्या जवळच्या नातेवाइकांच्या किडन्या परस्परांच्या रुग्णांना देण्यास कायदेशीर मान्यता मिळाली. तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही म्हणून सांगते, की ओ गटाच्या रुग्णाला यात जोडी मिळणे कठीण जाते, कारण त्याला ओ गटाचाच दाता लागतो आणि असा दाता बहुधा स्वतःच्या रुग्णाला थेटच किडनी देऊ शकतो. तरीही नाव नोंदवा.

मात्र सर्वांत आधी मेंदूमृत दात्यांच्या प्रतीक्षायादीत नाव गेले आहे का ते तपासा, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे ही नोंदणी होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी केंद्रे आहेत. ओ गटाच्या दात्याची किडनी प्राधान्याने ओ गटाच्याच रुग्णाला दिली जाते, तरीही या गटाची प्रतीक्षा बरीच लांबू शकते. म्हणूनच इतर मार्ग शोधून होईपर्यंत नोंदणी लांबवणे तुम्हाला परवडणारे नाही.

प्रतीक्षेच्या काळात तपासण्या अद्ययावत ठेवा आणि फोन कायम लागेल याची काळजी घ्या, कारण बोलावणे आले तर काही तासांतच पोहोचावे लागते. हिमोग्लोबिन उतरले आणि रक्त चढवायची वेळ आली, तर ते अगदी अटळ आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. चढवलेल्या रक्तामुळे शरीरात नवी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढे क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का हे पाहणारी चाचणी) जुळणे अवघड होते.

पैसे घेऊन किडनी मिळवून देतो असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्याशी बोलणेसुद्धा टाळा. तो गंभीर गुन्हा असून त्यात रुग्णाचे कुटुंबही अडकते.

सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत न्या. धाकट्या मुलाखेरीज आणखीही वाटा आहेत, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले तर त्यांचा तुमच्यावरचा आग्रह ओसरेल असे मला वाटते.